जुन्या पद्मिनीला इंजेक्शन लावायचं की कार्बच ठेवायचा? विचार टाकीपासून करा

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. घरात जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, कार्ब म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर त्रास देतोय, मग त्याजागी फ्युएल इंजेक्शन करून टाकू का? सगळे ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरचंच (पेट्रोल फवारणारे नोझल) बोलतात, टाकी आणि पाइपांचं कोणी काढतच नाही, आणि निम्मं काम तिथेच असतं.

आधी प्रेशर बघा. इंजिनावरचा डायफ्रामचा पंप पाव बारच्या आसपास प्रेशर देतो, कार्बला तेवढं बास होतं, जास्त दिलं तर फ्लोटची सुई (कार्बच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) धरत नाही आणि कार्ब ओव्हरफ्लो होतो. हल्लीच्या बहुतेक इंजेक्शनला ३ बारच्या आसपास लागतं, म्हणजे दहापटीहून जास्त. चाळीस वर्षं झालेला पाइप आणि साधी होज त्या प्रेशरला गरम इंजिनाशेजारी फुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आता कार्ब ठेवायचा तर काय. आमची ८४ची पद्मिनी, बाबांची. लहानपणी मे महिन्यात साताऱ्याला निघालो की कात्रजच्या जुन्या घाटात ती हमखास बंद पडायची, मग बाबा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे, आम्ही दगडावर बसून वाट बघायचो, पंधरा मिनिटांनी फडकं कोरडं झालेलं असायचं आणि गाडी सुरू. पेट्रोलची पाइपात वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो, एवढंच कारण. त्यावर इंजेक्शन हाच उपाय असं नाही. मागे टाकीजवळ लो प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप बसवला की तो पेट्रोल पुढे ढकलतो, ओढत नाही, त्यामुळे वाफेचा त्रास खूपच कमी होतो. आमच्या गाडीला मी हेच केलंय, आणि जुना पंप काढून ब्लॉकवर प्लेट मारली, कारण त्याचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं.

पण ई२० पेट्रोल आल्यापासून कार्बवाल्यांचं काम वाढलंय. २० टक्के इथेनॉल म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, कार्बला ते कळत नाही, गाडी लीन चालते म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, झटके खाते, गरम होते. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक साइज मोठा टाकून बघावा लागतो. जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, पावसाळ्यात दोन महिने गाडी नुसती उभी राहिली की लोखंडी टाकीला आतून गंज. इंजेक्शनला सायलेन्सरच्या पाइपात ओटू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण आपोआप सावरतो, आणि पुण्याच्या ५६० मीटरवरून महाबळेश्वरच्या साडेतेराशेवर गेलात तरी गाडी काळा धूर सोडत नाही. सकाळी चोक ओढायला नको. हे सगळं खरं आहे आणि मला स्वतःला ते फार आवडतं.

आता तुम्ही इंजेक्शनचं ठरवलंच तर खरा पेच पंप कुठे बसवायचा हा. जुन्या टाकीत आत कप्पे नसतात. टाकी अर्ध्याखाली आली आणि पसरणी घाटाच्या वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्बवाल्या गाडीत फ्लोटच्या वाटीत थोडं शिल्लक असतं त्यावर निभतं, इंजेक्शनला तशी वाटीच नाही, प्रेशर पडलं की त्याच क्षणी गाडी झटका खाते. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे टाकी कापून आत पंप आणि कप्पे बसवायचे, तो पेट्रोलमध्ये बुडालेला राहतो म्हणून गार आणि शांत चालतो, पण टाकीचं वेल्डिंग आलं आणि रिकामी दिसणारी टाकीसुद्धा वाफेने पेट घेते, हे काम ज्याचा हात बसलाय त्यालाच द्या. दुसरा म्हणजे सर्ज टँक, लिटर-दीड लिटरचा डबा, लो प्रेशर पंप तो सतत भरत राहतो, हाय प्रेशर पंप त्याच्यातून घेतो, जास्तीचं रिटर्न लाइनने टाकीत परत. दोन पंप, जास्त पाइप, थोडा आवाज, पण टाकी कापावी लागत नाही आणि उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर सगळं सुटतं. पद्मिनीसाठी मी डोळे झाकून सर्ज टँक म्हणेन.

होज एसएई जे३० आर९ लिहिलेलीच घ्या, आर६-आर७ कार्बची असते. टाकीच्या आतला तुकडा आर१० हवा, आर९ बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवायला नसते. पुण्यात नाना पेठेत मागाल तो पार्ट मिळतो पण होजवरचं छापील स्वतः वाचा.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट सोडू नका. जुना पंप इंजिन थांबलं की थांबायचा, इलेक्ट्रिक पंप अपघातानंतरही पेट्रोल फेकत राहील. म्हणून पंपाचा रिले ईसीयूवरून आणि शिवाय धक्क्याने पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच, हा स्विच कार्ब ठेवून नुसता इलेक्ट्रिक पंप लावलात तरीसुद्धा. आणि गाडीला बॅटरी चार्ज करायला अजून जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) डायनॅमो चार्ज करतच नाही.

कागदाचं म्हणाल तर ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते पण ती मूळ रूपातली हवी, त्यामुळे त्या वयाच्या गाडीला हात लावण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

रविवारी सकाळी लॉ कॉलेज रोडला चक्कर मारणारी गाडी असेल तर कार्ब ठेवा, मागे इलेक्ट्रिक पंप, नवी होज, जेट बघा, विषय संपला. शिरवळला बंद पडली तरी तिथला मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरने कार्ब उघडून देईल, ईसीयू गेला तर टो करून आणावी लागेल. दर आठवड्याला घाट चढणारी, बायको-मुलांना घेऊन जाणारी गाडी असेल तर इंजेक्शन करा, पण अर्धवट नको.

आणि दोन्हीपैकी काहीही ठरवलंत तरी आधी टाकीचं पेट्रोल पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून गाळून बघा. आमच्या टाकीतून मूठभर तपकिरी चिखल निघाला होता, जाळी पार बुजलेली, आणि टाकी धुतल्यावर गाडीचं अर्धं मिसिंग (इंजिनाचं अडखळणं) तिथेच गेलं.