नायट्रिक ऑक्साइड आणि जनुके: डीईए नोनोएट की डीटा नोनोएट?

पेशींना नायट्रिक ऑक्साइड देऊन कोणती जनुके चालू-बंद होतात हे पाहायचे, तर आधी दाता, म्हणजे हा वायू सोडणारे रसायन, ठरवा: डीईए नोनोएट की डीटा नोनोएट. 37 अंश सेल्सिअस आणि 7.4 पीएचला डीईएचे अर्धायुष्य सुमारे 2 मिनिटे, डीटाचे सुमारे 20 तास.

डीईए म्हणजे एकच झटका. ग्वानिलेट सायक्लेज हे विकर चेतते, त्याने बनणारा सीजीएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू वाढतो. पुढे सीआरईबी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढते का, हे मिनिटांत टिपायला हाच घ्या. एमआरएनएतले (जनुकाच्या संदेशप्रतीतले) बदल तासन्‌तास पाहायचे तर डीटाच. 24 तासांनी आरएनए काढून डीईएला दोष देण्यात अर्थ नाही, वायू केव्हाच संपलेला असतो.

साठ्याचे द्रावण दोघांचेही 0.01 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, बर्फावर. थेट कोमट माध्यमात विरघळवला, तर पिपेट भरेपर्यंत डीईए अर्धा उडालेला!

वायू संपलेल्या दात्याचे नियंत्रण (तुलनेसाठीचा प्रयोग) हवेच. डीईएला अर्धा तास पुरतो. डीटाला 37 अंशांवर चार-पाच दिवस लागतात, म्हणून बरेच जण ते टाळतात आणि वायू गेल्यावर दात्यातून उरलेल्या अमाइनचा परिणाम वायूच्या नावावर खपतो.

ग्वानिलेट सायक्लेज रोखणाऱ्या ओडीक्यूने परिणाम थांबला तर मार्ग सीजीएमपीचा. नाही थांबला, तर प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लावरचे नायट्रोसिलेशन (नायट्रिक ऑक्साइडचा गट जोडला जाणे) तपासा. चेतापेशींत एचडीएसी2 या जनुके दाबणाऱ्या प्रथिनाच्या 262 आणि 274 क्रमांकाच्या सिस्टीनवर ते झाले की ते क्रोमॅटिनपासून (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंडाळीपासून) सुटते.