कोणती कादंबरी आधी घ्यावी? सांगणारा बघून ठरवा

मराठी कादंबरी घ्यायला पुस्तकांच्या दुकानात गेलं की कपाटांवरच्या पाट्या आपल्यासाठी अर्धा निर्णय घेऊन टाकतात. ऐतिहासिक इकडे, ग्रामीण तिकडे, विज्ञानकथा कोपऱ्यात. गेल्या काही महिन्यांत मी या वेगवेगळ्या पाट्यांखालच्या कादंबऱ्या वाचल्या, काही पहिल्यांदा, काही बऱ्याच वर्षांनी पुन्हा. त्यातून माझं मत पक्कं झालं की निवड करताना पाटीचा उपयोग फार थोडा. एकाच पाटीखालच्या दोन पुस्तकांत इतकं अंतर असतं की एक आवडलेल्या माणसाला दुसरं चाळीस पानांपुढे जात नाही. खरा फरक पडतो तो सांगणाऱ्यामुळे. गोष्ट कोण सांगतंय, किती जवळून सांगतंय आणि कुठल्या बोलीत, हे बघून पुस्तक घेतलं तर ते सहसा अर्धवट राहत नाही. म्हणून इथे कादंबऱ्या जोडीजोडीने घेतल्या आहेत. कुणाला कुठली पटेल, तेही सांगते.

'स्वामी' की 'पानिपत'?

रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 ची, विश्वास पाटलांची 'पानिपत' 1988 ची. इतिहासाच्या क्रमाने मात्र उलट आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती राज्य आलं. एकीचा शेवट होतो तिथून दुसरी सुरू होते, त्यामुळे ओळीने वाचायच्या असतील तर आधी 'पानिपत' घ्यावी.

पण ओळीने वाचायच्या नसतील तर? 'स्वामी' घरातून सांगितलेली आहे. लढाया, मोहिमा, निजाम, हैदर सगळे आहेत, पण आपण बहुतेक वेळ असतो ते महालात, देवघरात, आजारी माणसाच्या उशाशी. राघोबादादा आणि माधवराव हे काका-पुतण्याचं भांडण आधी कुटुंबातलं आहे, मग राज्यातलं. रमाबाईंशी असलेलं नातं तर कादंबरीचा कणाच आहे. माधवराव 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला क्षयाने गेले, वय 27, आणि रमाबाई सती गेल्या, हे पहिलं पान उघडण्याआधीच आपल्याला माहीत असतं. तरीही शेवटची प्रकरणं वाचताना घशाशी येतं, ही देसाईंची ताकद. संवाद दरबारी, भाषा नटलेली. आज काही ठिकाणी ती जड वाटते. आणि माझी एक तक्रार आहे: लेखक माधवरावांच्या इतका प्रेमात आहे की त्यांचा तापट स्वभाव दाखवूनही तो लगेच माफ करून टाकतो.

'पानिपत' उघड्या माळावरून सांगितलेली आहे. इथे एका माणसाच्या मनात शिरण्यापेक्षा एवढं प्रचंड सैन्य चालतं कसं, खातं काय, अडकतं कुठे, हे महत्त्वाचं. फौजेबरोबर निघालेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे. कुंजपुरा जिंकल्याचा आनंद आणि त्यानंतर पाठीमागून तुटलेली वाट. दाणागोटा संपत जातो तशी माणसं कशी बदलतात, हे पाटलांनी ज्या तपशिलाने लिहिलं आहे ते मी मराठीत दुसरीकडे वाचलेलं नाही. सदाशिवरावभाऊंवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हट्टीपणाचा शिक्का पुसायचा हा प्रयत्न आहे आणि तो बराचसा पटतो. अब्दालीला साथ देणारा रोहिला सरदार नजीबखान मात्र फारच सरळ काळ्या रंगात रंगवला आहे. नावं खूप आहेत. शिंदे, होळकर, गारदी, शुजा, अब्दाली असा पसारा सांभाळायला उत्तर भारताचा नकाशा जवळ ठेवला तर बरं.

ज्याने ऐतिहासिक कादंबरी कधीच वाचली नाही त्याने 'स्वामी' घ्यावी. ज्याला हरलेल्या लढाईची कारणं समजून घ्यायची आहेत त्याने थेट 'पानिपत'. माझी पसंती 'पानिपत'ला, कारण तिच्यात राजापेक्षा उपाशी माणूस मोठा आहे.

'बनगरवाडी' की 'पाचोळा'?

इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण 'ग्रामीण' या एका शब्दात कोंबून या दोन पुस्तकांवर अन्याय झाला आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची. औंध संस्थानातल्या, माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर नेमणुकीवर येतो आणि तोच गोष्ट सांगतो. तो बाहेरचा आहे. त्यामुळे कारभारी, रामोशी, मेंढरं, रान हे सगळं आपल्याला त्याच्याबरोबर पहिल्यांदा दिसतं. ज्याचा खेड्याशी कधी संबंध आला नाही अशा वाचकालाही या वाडीत शिरता येतं ते या मास्तरामुळे. भाषा इतकी कमी बोलते की आश्चर्य वाटतं. शेकूकडे एकच बैल असतो म्हणून त्याची बायको जुवाची दुसरी बाजू खांद्यावर घेते. दुसऱ्या लेखकाने या प्रसंगावर पानंच्या पानं रडवलं असतं. माडगूळकर सांगतात आणि पुढे जातात. मग सगळ्यांनी मिळून उभी केलेली तालीम, आणि मग दुष्काळ.

रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' 1971 ची. मराठवाड्यातलं गाव, गंगाराम शिंपी, त्याची बायको पारबती, मुलगा भारत. सांगणारी आहे पारबती, आणि सगळं तिच्याच बोलीत. इथे समजावून सांगायला मास्तर नाही. एक बाई चुलीपाशी बसून तिच्या घराचं काय झालं ते सांगते आहे आणि आपण ऐकतो आहोत. नवरा स्वाभिमानी, वाकायला तयार नाही. शिलाईचा धंदा बसत जातो आणि घर विस्कटत जातं. तिला नवऱ्याचं चुकतंय हे दिसतं, तो का चुकतोय हेही कळतं, आणि दोन्हींपुढे तिचं काही चालत नाही. बोलीमुळे पहिली काही पानं अडखळायला होतं. ती मोठ्याने वाचावीत. कानाला लय सापडली की पुढे अडत नाही.

'बनगरवाडी' वाचून गाव कळतं, 'पाचोळा' वाचून घर. शहरात वाढलेल्या मुलांना वाचायला द्यायची असेल तर मी 'बनगरवाडी' देईन. पण स्वतःपुरतं विचाराल तर पारबतीचा आवाज माझ्या डोक्यातून जास्त दिवस गेला नाही.

आणि 'पाचोळा' आवडली तर तिच्या मागोमाग देविदास सौदागर यांची 'उसवण' जरूर घ्या. तिला 2024 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तिथेही शिंपीच आहे, फक्त आता त्याच्यासमोर उभा आहे तयार कपड्यांचा बाजार. गंगारामचं भांडण गावातल्या माणसांशी होतं. 'उसवण'मधल्या विठूला भांडायला समोर माणूसच सापडत नाही. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की मधल्या पन्नास वर्षांत हातावर पोट असलेल्या कारागिराचं काय झालं ते कुठल्याही अहवालाशिवाय समजतं.

'सिंहासन' की 'सत्तांतर'?

ही जोडी बघून कुणी बुचकळ्यात पडेल. अरुण साधूंची 'सिंहासन' (1977) मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवती फिरते, माडगूळकरांची 'सत्तांतर' (1982) रानातल्या वानरांच्या टोळीभोवती. मी त्या एकापाठोपाठ वाचल्या आणि दोन्हींचा प्रश्न एकच निघाला: म्होरक्या बदलला की बाकीच्यांचं काय होतं?

साधू स्वतः पत्रकार होते. त्यांच्या कादंबरीत दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे वावरतो, सगळं बघतो आणि त्याला काहीच बदलता येत नाही. फोन, बैठका, आमदारांची मोजदाद, कोण कुणाच्या गाडीत बसला. वेग जबरदस्त. 1979 चा जब्बार पटेलांचा चित्रपट याच कादंबरीवर आणि तिच्या आधीच्या 'मुंबई दिनांक' (1972) वर बेतलेला आहे. चित्रपट पाहिला असेल तरी पुस्तक वाचायला हरकत नाही, कारण मुंबई शहर चित्रपटापेक्षा पुस्तकात मोठं आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी 'मुंबई दिनांक'पासून सुरुवात करावी.

'सत्तांतर' छोटी आहे. वानरांना नावं आहेत, पण माडगूळकर त्यांना माणसांसारखं बोलायला लावत नाहीत. नवा नर टोळी ताब्यात घेतो आणि जुन्याची पिल्लं मारतो. वानरांत हे खरोखर घडतं, आणि लेखकाने ते निरीक्षकाच्या नजरेने, कुठेही बोट न दाखवता लिहिलं आहे. म्हणूनच ते जास्त लागतं. साहित्य अकादमी पुरस्कार (1983) या पुस्तकाला मिळाला, ही मला अकादमीच्या चांगल्या निवडींपैकी एक वाटते. लहान मुलांसाठी प्राण्यांची गोष्ट म्हणून मात्र आणू नका. पिल्लांचे मृत्यू हलके केलेले नाहीत.

राजकारणाच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्याने 'सिंहासन' घ्यावी, आणि बातम्यांचा वीट आलेल्याने 'सत्तांतर'.

'कोसला' की 'शाळा'?

दोन्हीकडे मुलगाच बोलतो. भालचंद्र नेमाडेंचा पांडुरंग सांगवीकर (1963) खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला येतो. मिलिंद बोकिलांचा मुकुंद (2004) नववीत आहे आणि बाहेर आणीबाणी चालू आहे. 'शाळा' वाचायला कुणालाही अडचण येणार नाही. वर्गातली भाषा, मित्रांची टोळी, शिरोडकर नावाच्या मुलीची वाट बघणं, सगळं ताजं आहे आणि मोठ्या माणसाची अक्कल त्यात कुठेही डोकावत नाही.

'कोसला'च्या बाबतीत मी सावध करीन. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांची ती प्रसिद्ध सवय काहींना पन्नास पानांत नकोशी होते. तो तुटकपणा पांडुरंगने अंगावर घेतलेलं कवच आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात ते कवच फुटतं, आणि त्या पानांसाठी आधीची सगळी पानं सोसावीत. विशीतल्या वाचकाने 'कोसला'च घ्यावी. चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा हातात घेतली तर पांडुरंगवर चिडायला होण्याची शक्यता जास्त.

'रीटा वेलिणकर' की 'ब्र'?

शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' (1990) आतल्या आत उतरत जाते. मनाने कोसळून रुग्णालयात पडलेली रीटा, विवाहित पुरुषाशी असलेलं वर्षानुवर्षांचं नातं, मैत्रीण सरस्वती. कविता महाजनांची 'ब्र' (2005) उलट दिशेने, घराबाहेर पडते. संस्थेचं काम करणारी प्रफुल्ला आरक्षणातून निवडून आलेल्या आदिवासी महिला सरपंचांना भेटत जाते. पंचायतींत महिलांना आरक्षण देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीनंतर कागदावर आलेली सत्ता प्रत्यक्षात कुणाच्या हातात राहिली, हे त्या भेटींतून उलगडतं. 'ब्र'ची वीण सैल आहे, काही भाग टिपणांसारखे वाटतात. 'रीटा' बांधेसूद आहे. तरी पंचायतीत, संस्थांत किंवा शाळेत काम करणाऱ्या वाचकाला मी डोळे मिटून 'ब्र' सांगेन.

विज्ञानाकडे ओढा असेल तर थोडक्यात: जयंत नारळीकरांची 'व्हायरस' (1996) शाळकरी वाचकही भराभर वाचेल. नंदा खरेंची 'उद्या' (2014) दाट आहे, अनेक धाग्यांची आहे. पाळत, कंपन्यांची सत्ता, मुलींची घटती संख्या असं बरंच एकत्र येतं. 2020 च्या साहित्य अकादमी पुरस्कारासाठी तिची निवड झाली, पण खरेंनी तो स्वीकारला नाही. सलग वेळ असेल तरच 'उद्या' हाती घ्यावी.

आणि एकच घ्यायची असेल तर?

मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939 ची. तिच्यासमोर ठेवायला मला जोडी सापडली नाही. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि मराठी चक्रधर. दुसरं महायुद्ध पेटण्याच्या सुमाराला मराठी लेखकाने ते इतक्या जवळून बघून लिहिलं, याचं मला आजही नवल वाटतं. सांगणारा चक्रधर प्रेमात आधी पोळलेला, कोरडा झालेला आहे. त्याला जे वाटतं ते तो कबूल करत नाही आणि आपल्याला ते त्याच्याआधी कळतं. बोट मुंबईला लागेपर्यंतचे थोडेच दिवस, पुस्तकही लहान, एका रविवारात संपण्यासारखं. प्रेमकथा म्हणून घ्या, युद्धकथा म्हणून घ्या, निर्वासितांची कथा म्हणून घ्या. शेवटची पत्रं मात्र घाईत वाचू नका. प्रस्तावना किंवा मलपृष्ठही आधी बघू नका, कारण या कादंबरीविषयी लिहिणारे बरेच जण शेवट सांगून टाकतात.