पावती परत नेणारा टेम्पो

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुण्याबाहेर, महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानातून जेवणाचे टेबल आणि सहा खुर्च्या घेतल्या. ‘अस्सल शिसवी’ म्हणून सांगितलेला भाव ५२ हजार होता. घासाघीस करून तो ४६ हजारांवर आला. पैसे देण्याची वेळ आली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली आणून विचारले, “काका, पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल. नाहीतर एस्टिमेटवर देतो.” ८,२८० रुपये वाचत आहेत म्हटल्यावर मी मान डोलावली. फसवणुकीची हकिगत सांगताना आपला स्वतःचा वाटा झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मी तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सारे त्या होकारातूनच घडले.

एस्टिमेट म्हणजे गुलाबी कागदाची एक चिठ्ठी. तिच्यावर दुकानाचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक तर नव्हताच; फक्त ‘१ डा. टे., ६ खु., ४६,०००, जमा २०,०००, बाकी २६,०००’ एवढा मजकूर बॉलपेनने लिहिलेला होता. आगाऊ रक्कम मी मोबाइलवरून भरली, तेव्हा पडद्यावर दुकानाऐवजी एका बाईंचे नाव आले. विचारले तर “शेठच्या घरचं खातं आहे” असे उत्तर मिळाले.

तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. हमालांनी टेबल जिन्याने वर चढवले, बरोबरच्या मुलाने २६ हजार रोख दोनदा मोजून घेतले आणि निघता निघता अगदी सहज म्हणाला, “काकू, ती गुलाबी चिठ्ठी द्या ना, माल पोचल्याची सही करून जमा करावी लागते. पक्की पावती दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर येईल.” चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती. पत्नीने ती काढून दिली, मी मागच्या बाजूस सही केली आणि त्याने ती घडी करून शर्टाच्या खिशात टाकली. व्यवहाराचा आमच्याकडचा एकुलता एक कागद अशा रीतीने आमच्याच सहीनिशी दुकानात परत गेला. ही युक्ती मला तरी ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक असावी यासाठीच हे लिहीत आहे.

टेबल खोलीला मोठे झाले होते आणि गॅलरीचे दार त्यामुळे अर्धेच उघडत होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी फोन केला. “बिल घेऊन या, लहान साइज बदलून देऊ,” असे मोठ्या आदबीने सांगण्यात आले. प्रत्यक्ष गेल्यावर त्याच मुलाने विचारले, “बिलाशिवाय माल परत कसा घेणार?” चिठ्ठी तुमच्याच माणसाने नेली, असे सांगताच “आमच्याकडे असं कधी होत नाही” म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वस्तू आवडली नाही किंवा घरात बसली नाही, एवढ्यावरून ती परत घेण्याची सक्ती कायदा दुकानदारावर करत नाही. ती त्याची मर्जी आणि त्याने दिलेला शब्द. हे मला एका वकील स्नेह्याने सांगितले, आणि मी चूक पदरात घेऊन गप्प बसलो.

बाराव्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशी पत्नीला म्हणाल्या, “ताई, टेबलाचा पाय सुजलाय बघा.” खाली वाकून पाहिले तर जमिनीलगतचा दोन बोटे भाग फुगून त्यावरचा पातळ पापुद्रा सुटला होता आणि नखाने टोकरताच आतून पुरणासारखा ओलसर तपकिरी भुसा निघाला. आमच्या नेहमीच्या सुताराने पायाचा एक स्क्रू काढून छिद्रात बोट घातले, बोट माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, “साहेब, हा पार्टिकल बोर्ड. वर शिसवीचं व्हिनिअर डकवलंय. पाणी लागलं की संपलं.” भरीव लाकूड म्हणून घेतलेल्या संचात भरीव असे काही असेल तर ते खुर्च्यांचे पाय, तेही साध्या हलक्या लाकडाचे.

त्यानंतर दुकानाने ‘नाही’ असे एकदाही म्हटले नाही. शेठ गावी गेले आहेत, सोमवारी कारागीर पाठवतो, फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, असे करत महिना उलटला आणि मग निरोप आला की वापरलेला जुना माल म्हणून ११ हजार देऊ. ही दिरंगाई केवळ आळसाची नव्हती, असे माझे मत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार, सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच कलमात बिल किंवा पावती न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच ठरवली आहे. म्हणजे ‘बिल नाही, म्हणून हक्क नाही’ असे जे आम्हाला ऐकवले जात होते, त्यात दुकानदार स्वतःचाच दोष आमच्या गळ्यात बांधत होता.

पावती नसली तरी पुरावा असतो, तो गोळा करावा लागतो. मी बँकेचा उतारा काढला, त्यात २० हजारांची नोंद आणि तारीख होती. दुकानातून आलेले टेबलाचे फोटो आणि ‘प्युअर शिसवी आहे काका’ हा संदेश व्हॉट्सॲपवर तसाच होता. सर्वांत मोलाचे निघाले ते सोसायटीच्या फाटकावरचे रजिस्टर: टेम्पोचा क्रमांक, वेळ, आमचा फ्लॅट, आणि ‘कुठून’ या रकान्यात चक्क दुकानाचे नाव, टेम्पोवाल्यानेच लिहिलेले. सुताराकडून त्याचे म्हणणे सहीनिशी लिहून घेतले आणि फुगलेल्या पायाचे फोटो त्याला जोडले.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानाने तिला उत्तर दिले नाही. मग वकील स्नेह्याने नोटिशीचा मसुदा करून दिला आणि ती स्पीड पोस्टाने पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तो दाखल होऊ शकतो आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, हे सारे नोटिशीत होते. त्याखेरीज, विनाबिल विक्रीची माहिती जीएसटी कार्यालयाला कळवू, असे एक वाक्य होते. माझा अंदाज असा की बाकीच्या दोन पानांपेक्षा या वाक्यानेच काम केले, कारण आठव्या दिवशी शेठ गावाहून परतले.

आयोगात गेलो असतो तर कदाचित पूर्ण रक्कम मिळाली असती. पण पत्नी कंटाळली होती आणि रोखीने दिलेल्या २६ हजारांचा कागद माझ्याकडे नव्हता, म्हणून ३० हजारांवर तडजोड केली. ती रक्कम माझ्या खात्यात, या वेळी दुकानाच्या चालू खात्यातून, जमा झाल्याचे पाहिल्यावरच मी टेबल खाली नेऊ दिले.

न्यायला तोच टेम्पो आणि तोच मुलगा आला. ‘माल परत मिळाला, तक्रार नाही’ असा कागद त्याने सहीसाठी पुढे केला. मी तो टेबलावर सपाट ठेवला, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो घेतला, खाली त्याची सही आणि तारीख घालायला लावली आणि मगच माझी सही केली. “काका, एवढं काय त्यात?” असे म्हणत तो हसला आणि खिशातून दुसऱ्या कुणाची तरी गुलाबी चिठ्ठी काढून पुढचा पत्ता वाचू लागला.