सागवानाचे पैसे घेतले, खाली निलगिरी घातली: अंगणात लाकडी डेक करून घेणाऱ्यांनी वाचा

२,५०,००० रुपये. ८०,००० आगाऊ, १,१०,००० माल आल्यावर, ६०,००० सांगाडा उभा राहिल्यावर. सगळे बँकेतून, डेक करणाऱ्या सुताराच्या नावावर. म्हणून "दिलेच नाहीत" असं तरी त्याला म्हणता येत नाही.

धुळ्यात देवपूरच्या पुढे आमचं घर आहे. मागच्या अंगणात १६ बाय १२ फुटांचा लाकडी डेक करायचा होता, जमिनीपासून दीड फूट वर, उंबऱ्याच्या बरोबरीने. हौस नव्हती ती. आईचे गुडघे गेलेत, ती वॉकर घेऊन चालते, आणि पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत धडधाकट माणसाचा पाय रुततो. तिला दारातून सरळ बाहेर येऊन बसता यावं, एवढीच इच्छा होती.

स्वस्त बघून काम दिलं असेल, असं कोणी म्हणू नका. दोघांचे भाव त्याच्याहून कमी होते. हा १,४०० रुपये चौरस फुटाने, एकूण २,६८,८०० सांगत होता आणि लेटरहेडवर सगळं लिहून देत होता. मुरुमापर्यंत खड्डे, खाली काँक्रीट, त्यावर लोखंडी बुटात ४ बाय ४ इंचांचे सागवानी खांब, म्हणजे लाकूड मातीला टेकणार नाही. वर ४ बाय २ चे सागवानी वासे १६ इंचांवर, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. आणखी काय विचारायचं असतं?

खड्डे खणले तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. घराचा पाया खणताना मी इथेच उभी होते, चार फुटांवर पिवळट मुरूम लागला होता. आणि त्या दिवशी खड्ड्यांशेजारचे ढीग पूर्ण काळे होते. लहान लहान ढीग, एकात मुरुमाचा खडा नाही. मी विचारलंही. तो म्हणाला, "ताई, कसाले चिंता करतस, मी शे ना! मुरूम कालच ट्रॅक्टरने भरावाला नेला." आपल्या अहिराणी बोलीत, घरच्या माणसासारखं. खड्ड्यांत तोवर काँक्रीट पडलेलं होतं, आत काय दिसणार? शाळेत परीक्षा चालू होत्या, मला अकराला वर्गावर हजर राहायचं होतं. शेजारचे काका बांधकाम खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेत, तेही चहा घेत तिथेच उभे होते. त्यांना काही दिसलं नाही, तर मला दिसायला हवं होतं असं कोणत्या तोंडाने म्हणता?

पण ढीग काळे होते. आजही रात्री तेच आठवतं. ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवा: खड्डा मोकळा असताना स्वतः टेप टाकून मोजा, आणि काँक्रीट तुमच्यासमोर पडू द्या. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगांत हात जातो. पाया वरच्या थरात राहिला तर तो मातीबरोबर वर-खाली होणारच.

नंतर त्याने सगळ्या लाकडाला जळकं ऑइल फासलं. वाळवीसाठी, म्हणे. ऑइल लागलं की लाकडाचा रंग, रेषा, वास काहीच कळत नाही. लाकूड कोरं असताना बघा आणि वखारीचं बिल मागा. मला "देतो, देतो" म्हणत शेवटपर्यंत दिलं नाही. मग चारही बाजूंना फळ्या ठोकून खालची जागा बंद केली, छान दिसतं म्हणून. हवा बंद, ओल आत, आणि वाकून बघायची सोयही गेली. झडप ठेवल्याशिवाय कोणालाही बाजू बंद करू देऊ नका.

जुलैत एक कोपरा दोन इंच वर आला, मधल्या फळ्या खाली बसल्या. आईच्या वॉकरचा पाय त्या खाचेत गेला. मी शेजारीच होते म्हणून ती पडली नाही. त्याने फोन उचलणं बंद केलं, तेव्हा दुसऱ्या सुताराला बोलावून बाजूच्या फळ्या काढल्या. बाहेरून दिसणारी चौकट तेवढी सागवानी. आतला प्रत्येक वासा निलगिरीचा, १६ ऐवजी २६ इंचांवर. खांब सव्वा फुटाच्या खड्ड्यात थेट काळ्या मातीत रोवलेले, गळ्याशी घमेलंभर काँक्रीट. लोखंडी बूट एकही नाही. स्क्रू जिप्सम बोर्डाचे काळे, पहिल्याच पावसात गंजलेले. तीन खांबांवर वाळवीची माती चढलेली.

पोलीस ठाण्यात गेले तर हवालदाराचा पहिला प्रश्न, "मॅडम, घरात पुरुष माणूस नाही का?" दुसरं वाक्य, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." लेखी एक माल लिहून दुसराच घातला, सागवानाचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम कशासाठी आहे? अर्ज घेतला, पण पोच देईनात. "साहेब आल्यावर शिक्का मारतो." साहेब कधी बंदोबस्तात, कधी मीटिंगमध्ये. शेवटी मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवला. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात करा, ठाण्याच्या बाकावर बसून राहू नका. अधीक्षक कार्यालयाने तो अर्ज त्याच ठाण्याकडे पाठवला. त्याच हवालदाराने मला फोन करून विचारलं, "मॅडम, तक्रार मागे घेताय का?"

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. त्याच्या कार्डावरचा जीएसटी क्रमांक मी तोपर्यंत पोर्टलवर टाकून बघितला नव्हता. नंतर टाकला, नोंदणी रद्द झालेली निघाली. जीएसटी कार्यालयात सांगितलं तर म्हणे, "तुमचा त्याच्याशी काय व्यवहार झाला, तो आमचा विषय नाही." रद्द क्रमांक छापून माणूस गावभर कामं घेतो, हा विषय नेमका कोणाचा? पैसे देण्याआधी तो क्रमांक तपासा, दोन मिनिटं लागतात.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. पण तिथेही तज्ज्ञाचा अहवाल जोडा म्हणाले, त्याचे इंजिनिअरने ७,५०० घेतले. ज्याने लुटलं त्याला अजून एक रुपयाचा खर्च नाही. डेक उखडायचा नाही, पुरावा आहे. म्हणून आई घरातच बसून आहे.

फळ्या बसण्याआधी सांगाड्याचे फोटो टेप लावून काढा, प्रत्येक वाशाचे. माझ्याकडे आहेत ते सगळे नंतरचे, आणि त्यावर त्याचं उत्तर तयार आहे: "दुसऱ्या सुताराने बदललं असेल."

मागच्या आठवड्यात नव्या नंबरवरून त्याचा फोन आला. उरलेले १८,८०० मागत होता. ते रेकॉर्डिंग मी तक्रारीला जोडलं आहे.