३ इंची लिफ्ट आणि ३३ चे टायर: काही महिन्यांनी स्टिअरिंग ढिलं का झालं

गाडी ३ इंच उंच करणारं लिफ्ट किट बसवलं आणि ३३ इंची टायर टाकले, सगळ्या स्पेक्स लिहीत नाही. सॉलिड फ्रंट एक्सलची गाडी (पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर), आणि किटमध्ये कॉइल स्प्रिंग, अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, ड्रॉप पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा, नेहमीपेक्षा खाली झुकलेला आर्म), स्टिअरिंगचे हादरे दाबणारा हेवी ड्यूटी डॅम्पर. ऑफरोडला किट झकास आहे, दगडांवर पोट घासत नाही, चाक खड्ड्यात छान खाली जातं, तिथे एक शब्द वाईट बोलणार नाही. पण एका बोल्टने जो ताप दिलाय त्यामुळेच हे लिहितोय.

सुरुवातीचे काही आठवडे मस्त गेले. मग हळूहळू हायवेला स्टिअरिंग सैल लागायला लागलं, सरळ रस्त्यावर सारखं थोडं डावीकडे थोडं उजवीकडे करत बसायचं, मधे दोन बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ताच नाही, आणि खड्डा लागला की पुढून टक्. वर्कशॉपवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितलं, एवढे मोठे टायर लावलेत मग असंच होणार. आणि स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला.

याचा मला फार राग आहे. तो स्क्रू बॉक्सच्या आतल्या सेक्टर शाफ्टचा (पिटमन आर्म फिरवणारा शाफ्ट) प्ले, म्हणजे ढिलेपणा, सेट करायला असतो, बाहेरच्या सांध्यांचा प्ले त्याने जात नाही. जास्त आवळला की बॉक्स मधोमध जाम होतो, वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि आतले दात झिजतात ते वेगळंच. माझ्या गाडीला अगदी तेच झालं. स्क्रू परत जागेवर आणायला लावला तर म्हणे मग अख्खा बॉक्सच बदला! धड तपासणी न करता एवढा महागाचा पार्ट कोण बदलेल, गाडी घेऊन घरी आलो.

शोधायची पद्धत खरं तर फुकटची आहे, फक्त दोघं लागतात. गाडी जॅकवर घ्यायची नाही, चाकं जमिनीवरच पाहिजेत, नाहीतर सांध्यांवर लोडच येत नाही. हँडब्रेक ओढायचा, गिअर न्यूट्रल, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवी हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खालून एकेक सांधा बघत जायचा, कॉलमचा खालचा जॉइंट, बॉक्स चेसिसवर हलतोय का, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा रॉड), टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या रॉडची टोकं), आणि पॅनहार्डची दोन्ही टोकं. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला उशिरा हलतो, तिथे प्ले. जॅक नंतर लावायचा, चाक वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट कळतो.

आमच्याकडे सगळे जॉइंट टाइट निघाले. हलत होता तो पॅनहार्डचा एक्सलकडचा बोल्ट, ब्रॅकेटच्या भोकात चक्क इकडून तिकडे सरकत होता. काढून बघितला तर किटचा बोल्ट भोकापेक्षा बारीक, आणि त्यामुळे भोक लंबगोल झालेलं. पॅनहार्ड हा एक्सलला आडवा धरून ठेवणारा रॉड आहे, तोच ढिला असला तर स्टिअरिंग फिरवल्यावर आधी एक्सल बाजूला सरकतो आणि मग चाक वळतं. म्हणजे हातात जे सैल लागतं ते स्टिअरिंगचं नसतंच. पुढे वेगात खड्डा लागल्यावर अख्खा पुढचा भाग थडथडतो, ज्याला डेथ वॉबल म्हणतात, तो पण बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

आता डॅम्परबद्दल. आधी त्याला पाचपैकी पाच देणार होतो, आता दोन. पार्ट वाईट नाही, पण त्याने हा प्ले इतके दिवस दाबून ठेवला आणि तेवढ्यात भोक खात गेलं. स्टिअरिंग ढिलं आहे म्हणून कोणी जाडा डॅम्पर विकत असेल तर घेऊ नका.

दुरुस्ती अशी केली: ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना बरोबर मापाच्या भोकाच्या जाड प्लेट वेल्ड केल्या, १०.९ ग्रेडचा बोल्ट घातला, असा की ब्रॅकेटमध्ये आटे न येता गुळगुळीत भाग येईल. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क रेंचने, नाहीतर रबरी बुश पिळलेला राहून लवकर फाटतो. नंतर थोडं चालवून परत चेक केलं. टक् बंद, मधला सैलपणा गेला.

तरी हायवेला गाडी जराशी भटकायचीच. ते कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन), लिफ्ट केली की एक्सल फिरून कॅस्टर कमी होतो, अ‍ॅडजस्टेबल लोअर आर्म टाकून वाढवला तेव्हा स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला लागलं. हे आर्म किटमध्येच द्यायला हवे होते.

कंपनीला बोल्टचे फोटो पाठवले तर उत्तर आलं, बोल्ट युनिव्हर्सल आहे. अहो भोक युनिव्हर्सल नाहीये ना! लिफ्ट किट विकता तर त्या ब्रॅकेटच्या मापाचा बोल्ट द्या, एवढंच मागणं आहे, अजून भांडतोय.

एक गोष्ट बाकी आहे. ड्रॉप पिटमन आर्मने ड्रॅग लिंक खाली आली पण पॅनहार्ड तिथेच, दोन्ही समांतर राहिले नाहीत, त्यामुळे सस्पेन्शन दबलं की स्टिअरिंग आपलं आपण थोडं फिरतं. त्यासाठी पॅनहार्डचा चेसिसकडचा ड्रॉप ब्रॅकेट मागवलाय. यावेळी भोकाचं माप आधी विचारूनच.