जिल्हा ग्राहक आयोग : फी शून्य, तारखा भरपूर

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा सगळा तारखांचा. बाकी तक्रार नाही.

मी घरी ब्लाउज शिवते आणि त्यावर भरतकाम करून देते. त्यासाठी १ लाख ३८ हजारांचं कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं आणि ते पहिल्यापासूनच डिझाइन सरकवू लागलं. बाहीवर वेल घ्यायला लावली की पानं जागेवर आणि देठ दोन मिलिमीटर बाजूला. गिऱ्हाईक काय घेणार ते? दुकानाचा माणूस यायचा, सुई बदलायचा, जॉबशीटवर ‘मशीन ओके’ खरडून जायचा. पैसे परत मागितले तसा फोन उचलणं बंद झालं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवून पाहिलं, दुकान ढिम्म. मग आयोगात गेले, वकील न लावता.

दाखल करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. आपण मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी काही नाही. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं. माझं दुकान दुसऱ्या जिल्ह्यातलं आणि बिलाच्या तळाशी ‘वाद फक्त येथील न्यायालयात’ असं बारीक अक्षरात छापलेलं. पण २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते, त्यामुळे त्या ओळीला घाबरून घरी बसू नका. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यायचं, एवढं मात्र सांभाळा.

अर्ज मी साध्या मराठीत लिहिला. परिच्छेदांना आकडे घातले आणि केव्हा घेतलं, किती दिले, काय बिघडलं, कुणाला कळवलं, काय हवं, या क्रमाने गेले. विक्रेता आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, केलं, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. सोबत शपथपत्र, कागदांची यादी, पानापानावर क्रमांक आणि सही. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याच्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) ६३ व्या कलमाचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा, हे खिडकीवरच्या बाईंनीच सांगितलं. वर नमुनाही काढून दाखवला. सरकारी कचेरीत असं माणूस भेटलं की सांगायला हवं.

दुकानाचा लेखी जबाब आला तो मुदतीच्या अगदी काठावर. कायद्याने त्यांना ३० दिवस, फार तर आणखी १५. जबाबात मुद्दा एकच: ‘या बाई मशीनवर धंदा करतात, त्या ग्राहकच नव्हेत.’ नुसतं ऐकलं तर पटण्यासारखं आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती घेतली असेल, तर तो माणूस ग्राहकच, असा खुलासा त्याच कायद्यात आहे. मी तक्रारीच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहून ठेवलं होतं: मशीन मी एकटी चालवते, घरातल्या खोलीत, कामाला कुणी नाही, घर यावरच चालतं. झेरॉक्स मशीन, गिरणी, रिक्षा असं काही घेतलेल्यांनी ही ओळ पहिल्याच अर्जात टाकावी. माझ्या मते सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात मोलाची.

आता तारखा. विरुद्ध बाजूला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा, वस्तूची तपासणी करायची असेल तर पाच, असं कायदा म्हणतो. माझं वर्ष उलटून गेलं. कधी कोरम नाही, म्हणजे आयोगाचे पुरेसे सदस्य हजर नाहीत, कधी समोरचे वकील गैरहजर, कधी त्यांचा मुदतीचा अर्ज. सकाळी जाऊन बोर्डावर आपला नंबर बघायचा, पुकारा झाला की उभं राहायचं, रोजनाम्यात हजेरी लागली की पुढची तारीख घेऊन निघायचं. हातावर पोट असलेल्याला हा बुडालेला दिवस फीपेक्षा महाग पडतो.

युक्तिवादाच्या दिवशी मात्र मजा आली. अध्यक्षांनी जॉबशीट एकाखाली एक लावल्या. प्रत्येकीवर शेरा ‘ओके’ आणि तक्रारीच्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘डिझाइन शिफ्ट’. त्यांनी वकिलांना विचारलं, “मशीन ओके होतं, तर तुमचा माणूस पुन्हा पुन्हा कशाला जात होता?” वकील फाइल चाळत राहिले. माझं भाषण पाठ केलेलं तसंच राहिलं.

आदेश झाला: पूर्ण रक्कम व्याजासह, शिवाय मानसिक त्रास आणि खर्चापोटी काही हजार. मी मागितले होते त्याच्या पासंगालाही ते पुरत नाहीत, तेव्हा या खात्यावर लाखोंचे मनोरे बांधू नका. राज्य आयोगात अपील करायचं तर त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागली असती आणि आदेश पाळला नाही तर तुरुंगाचीही तरतूद आहे. त्यांनी गुपचूप पैसे भरले.

मशीन सामनेवाल्यांनी स्वखर्चाने घेऊन जावं, असंही आदेशात आहे. त्याचा टेम्पो अजून आलेला नाही. तोवर मी त्यावर कापडाचे तागे ठेवते.