खोकं खरं, माल खोटा

सातशे रुपये. एवढेच वाचवले होते मी. त्या दिवशी घरी जाऊन सांगितलंसुद्धा, की आज गाडीच्या कामात सातशे वाचले.

गाडी २००७ ची टाटा सोळा-तेरा. मालासकट सोळा टनांची गाडी आणि एकशेतीस हॉर्सपॉवरचं इंजिन, म्हणून सोळा-तेरा. मी ती जुनीच घेतली. कोल्हापुरातून गूळ भरून पुण्याला जायचं आणि परतीला भोसरीतून मिळेल तो माल आणायचा, हा आमचा धंदा. एक गाडी, एक ड्रायव्हर. ड्रायव्हरला सगळे मामाच म्हणतात, मीही.

२०२३ मध्ये आरटीओच्या फिटनेस तपासणीची तारीख जवळ आली आणि स्टेअरिंगला प्ले आला होता. नियमाप्रमाणे स्टेअरिंगचा रिकामा खेळ ३० अंशांच्या आत लागतो, म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून एकवर जाईल एवढा. आमचं स्टेअरिंग दीडपर्यंत फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. मेस्त्री खाली शिरला, मामांना स्टेअरिंग हलवायला सांगून एकेक जोड हाताने चाचपला आणि बाहेर आला. "मालक, किंगपिन बरा हाय, बॉक्सबी बरा हाय. टाय रॉडचे दोन्ही एंड गेलेत."

टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधणारा आडवा दांडा. स्टेअरिंग बॉक्समधून निघालेला ड्रॅग लिंक उजव्या चाकाला वळवतो आणि उजवं चाक या दांड्यातून डाव्याला आपल्याबरोबर नेतं. दांड्याच्या दोन टोकांना बॉल जॉइंट असतात: एक वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. डाव्या चाकाचं सगळं इमान त्या वाटीवर.

कंपनीच्या डीलरकडे विचारलं. गाडी जुनी, माल शिलकीत नव्हता, मागवायला पाच दिवस. पाच दिवस गाडी उभी ठेवणं मला परवडणारं नव्हतं. मेस्त्री म्हणाला, माझ्या ओळखीचं दुकान आहे, ओरिजिनल देईल. दुकानाचं नाव लिहीत नाही. अशी दुकानं प्रत्येक शहरात स्पेअर पार्टच्या गल्लीत असतात, समोर देवाचा फोटो आणि मागे छतापर्यंत खोकी.

काउंटरवरच्या माणसाने माझ्यासमोर दोन खोकी ठेवली. कंपनीचं खोकं, होलोग्राम, पार्ट नंबर. मीही काही दूधखुळा नाही, मोबाइल काढून कोड स्कॅन केला. बरोबर आला. जोडीची छापील किंमत ३,२०० होती. तो म्हणाला, "बिल पायजे आसंल तर छापील किंमत. नको आसंल तर पंचवीसशे. जीएसटी वाचवतो तुमचा." तेव्हा सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ वर आला). पंचवीसशेवर २८ टक्के म्हणजे बरोबर सातशे. हिशोब इतका चोख जुळला की शंका घ्यायला जागाच उरली नाही. पैसे यूपीआयने दिले. समोर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. तेही डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे दाबलं.

एंड बसले, अलाइनमेंट झालं, फिटनेस झालं. स्टेअरिंग लोण्यासारखं.

दोन महिन्यांत डाव्या पुढच्या टायरची एक कड करवतीसारखी झिजायला लागली. मी म्हटलं अलाइनमेंट हललं असेल. जॉइंटवरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं होतं, ते मामांनी दाखवलं. मी म्हटलं पुढच्या फेरीला बघू. ही दोन वाक्यं मला अजून आठवतात, कारण दोन्ही माझीच आहेत.

त्या फेरीला मी बाजूला बसून होतो. भोसरीहून लोखंडी पट्ट्या भरलेल्या, काट्याची पावती एकूण १४ टन ३०० किलोची, म्हणजे ओव्हरलोड अजिबात नाही. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग खंबाटकीचा घाट चढलो आणि उतरलो. उतारावर मामांनी एकदा म्हटलं, गाडी जरा डावीकडं वढतीय. पुढे आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांग होती. गाडी चालण्याच्या वेगात सरकत होती. मामांनी लेन बदलायला स्टेअरिंग किंचित फिरवलं आणि खालून खट्ट असा आवाज आला.

उतरून बघतो तर उजवं चाक कोल्हापूरकडे आणि डावं कोरेगावकडे. टाय रॉडचं टोक जमिनीकडे लोंबत होतं. मामा खाली उतरलेच नाहीत. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले होते. अर्ध्या तासापूर्वी आम्ही घाटात होतो, एवढंच दोघांच्याही डोक्यात होतं आणि दोघंही ते बोललो नाही. नाक्यावरचे लोक गाडी बाजूला घ्या म्हणून ओरडत होते. क्रेन, साताऱ्याहून आणलेला मेस्त्री, पोचायला उशीर झाला म्हणून कापलेलं भाडं, हे सगळं त्यात आलंच. सातशेच्या कितीतरी पट गेले.

तुटलेला एंड मी पिशवीत घालून आणला. आमच्याकडे शिरोलीला घरटी एक माणूस फाउंड्रीत असतो म्हणायला हरकत नाही. माझा एक मित्र तिथेच मोल्डिंगला आहे. त्याच्या हातात दिला. त्याने तुटलेली कड उन्हात धरली आणि हसला. "ह्ये ओतीव हाय, घडीव न्हाई."

मग नीट दाखवलं. तुटलेला पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार, आणि त्यात सुईने टोचल्यासारखी दोन बारीक छिद्रं, ओतताना अडकलेल्या हवेची. बाहेरून वाटीच्या कडेने एक बारीक धारदार रेघ गेलेली, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची. घडीव भागावर ती रेघ रुंद असते आणि घासून काढलेली दिसते. घडीव म्हणजे लालभडक पोलाद डायमध्ये ठोकून आकाराला आणलेलं. धातूचा ताणा त्या आकाराबरोबर वळतो, म्हणून खड्ड्यातला धक्का तो सोसतो. मग त्याने गोळ्याच्या मानेवर कानस फिरवली. चांगल्या जॉइंटवर वरचा थर कडक केलेला असतो, कानस घसरून जायला हवी. इथे ती लाकडावर चालावी तशी चालली. "ओतीव म्हंजे वाईट असं न्हाई बरं का," तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "ब्रेक ड्रम आमी ओतूनच करतो. पर ही जागा तेची न्हवं."

खोकं मी जपून ठेवलं होतं. ते आणि तुटका एंड घेऊन डीलरच्या पार्ट काउंटरवर गेलो. मला वाटलं होतं, तो खोक्यातली चूक दाखवेल, छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नकली. त्याने खोकं उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "खोकं आमचंच आहे."

खोकं खरं होतं. म्हणून तर कोड बरोबर आला. कुणीतरी खरा माल वापरला, रिकामं खोकं नीट उघडून बाजूला ठेवलं आणि त्यात दुसरं भरलं. त्या माणसाने बोट ठेवलं ते पॅकिंगच्या महिन्यावर. मी घेतलं त्याच्या तीन वर्षं आधीचा महिना होता. शिवाय खऱ्या एंडच्या अंगावर उठावदार खूण आणि नंबर असतो. माझा अंगाने गुळगुळीत होता. माझे जुने झिजलेले एंड शेजारी ठेवून बघितले असते तर शेंबड्या पोरालाही फरक कळला असता. ते मी मेस्त्रीला भंगारात दिले होते.

दुकानात गेलो. तोच माणूस, तोच फोटो. "हा माल आमचा न्हवंच. बिल दाखवा." मी मोबाइलमधला अडीच हजारांचा मेसेज दाखवला. तो म्हणाला, ह्यावर माझ्या दुकानाचं नाव कुठाय? वर म्हणाला, "वव्हरलोड भरता आन् पार्टाला नावं ठिवता." काट्याची पावती खिशात होती, पण ती त्याला दाखवून काय उपयोग. बिल नाकारणं हीच ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे, आणि खोटा ट्रेडमार्क लावून विकणं तर सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा गुन्हा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. पहिला प्रश्न बिलाचाच. आणि बिल त्याने नाकारलं नव्हतं. मीच नको म्हटलं होतं.

त्यातली गंमत नंतर लक्षात आली. खोक्यावरची छापील किंमत सगळे कर धरूनच असते. बिलाशिवाय सातशे कमी म्हणजे तो कर सरकारला न देता माझ्या खिशात ठेवत होता, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ती सूट नव्हती, गळाला लावलेलं आमिष होतं. बिलावर पार्ट नंबर लिहावा लागला असता, तो कटकटीचा कागद माझ्या हातात येऊ नये म्हणून.

लोक मला आता विचारतात, जुन्या गाडीला ओरिजिनल टाकावं का दुसऱ्या कंपनीचं. मी आता दुसऱ्या कंपनीचंच टाकलंय, आणि बिनघोर टाकलंय. ट्रक बनवणारी कंपनी प्रत्येक बॉल जॉइंट स्वतः घडवत बसत नाही. राणेसारखे कारखाने हे भाग बनवतात आणि आपल्या नावाच्या खोक्यात बाजारातही विकतात, किंमतही कमी. स्वतःचं नाव लावून विकणारा निदान सापडतो. माझी फसवणूक स्वस्तातलं घेतल्यामुळे झाली नाही. महागाचं नाव, अर्धवट किंमत आणि कागद नाही, या तिघांच्या मेळाने झाली.

आता दर फेरीआधी इंजिन चालू ठेवून मी स्टेअरिंग थोडं डावं-उजवं करतो आणि मामा खाली वाकून वाटी आणि गोळ्याच्या मानेवर बोटं ठेवतात. आत काही खुळखुळलं की ते बोटाला कळतं, डोळ्याला कळण्याच्या बरंच आधी. जॉइंटचं नट सुटू न देणारी कॉटर पिन जागेवर आहे का तेही तेव्हाच बघून होतं.

नवे एंड आणले तेव्हा मेस्त्री तोच होता. बदलला का नाही, तर त्याचा हात चांगला आहे, आणि त्या व्यवहारात तो कुठे होता हे मला आजही सांगता येणार नाही. एंड बसवून झाल्यावर मी दोन्ही रिकामी खोकी त्याच्यासमोर फाडायला घेतली. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मालक, फाडताय कशाला? ऱ्हाऊ द्या की हितं."